टेबलावरचा कप स्थिर आहे का? कवडशाने तपासा

लहान आरशावर काळा कागद चिकटवा, मधोमध ५ मिमीचं भोक ठेवा. आरसा उन्हात, मळलेल्या मातीच्या गोळ्यात घट्ट रोवा आणि कवडसा १० मीटरवरच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. सुमारे ९ सेंमीचा गोल दिसेल. ती सूर्याची प्रतिमा. (आरशात डोकावू नका.) भोक मोठं झालं तर कड पुसट होते. पेन्सिलीने कड आखा. दोन-सव्वादोन मिनिटांत गोल स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. थरथरत मागेपुढे झाला, तर माती ओली आहे.

गोल सरकतो, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरते. पुण्यातला कप या फिरण्यामुळे ताशी सुमारे १,५८५ किमी धावतो. टेबलाच्या सापेक्ष मात्र स्थिरच. फिरतंय कोण, सूर्य की पृथ्वी, हे कवडसा सांगत नाही. त्यासाठी फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाचा लंबक लागतो, म्हणजे लांब तारेला टांगलेलं वजन; पृथ्वी फिरते म्हणून त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसते: पॅरिस, १८५१.