प्रोस्टेट वाढल्यावर उपचार कसा निवडावा

रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागत असेल, तर यूरोलॉजिस्टकडे जाण्यापूर्वी तीन दिवस लघवीच्या वेळा आणि प्रमाण वहीत लिहून ठेवावे, कारण उपचाराची निवड त्या नोंदींवर बरीच अवलंबून असते. त्रास सौम्य असल्यास संध्याकाळनंतर चहा-पाणी कमी करणेही अनेकदा पुरते.

टॅमसुलोसिनची ०.४ मिलिग्रॅमची गोळी काही दिवसांतच धार सुधारू लागते; मात्र उभे राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून रोज सकाळी पर्वती चढणाऱ्या ज्येष्ठांनी सुरुवातीचे काही दिवस पायऱ्या टाळाव्यात, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर या गोळीची माहिती नेत्रतज्ज्ञांना आधीच द्यावी, कारण शस्त्रक्रियेदरम्यान बाहुली अचानक आकसू शकते. फिनास्टेराइड या औषधाने प्रोस्टेट ग्रंथी लहान होते, पण त्याला सुमारे ६ महिने लागतात. कामेच्छा घटू शकते आणि पीएसएचा (प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शंकेसाठी करतात त्या रक्तचाचणीचा) आकडा जवळपास निम्म्यावर येत असल्याने तपासणीच्या वेळी हे औषध सांगणे अत्यावश्यक आहे.

प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर वीर्य मूत्राशयात उलटे जाणे नेहमीचे आहे. त्याबद्दल निर्णयाआधी पत्नीशीही बोलावे. लघवी पूर्ण तुंबल्यास मात्र थांबू नये, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.