मधुमेही मांजर रेमिशनच्या (इन्सुलिनशिवाय साखर ठीक राहण्याच्या) जवळ आलं की या चुका टाळा

अनेक आठवडे 300 ते 400च्या आसपास घुटमळणारी साखर एक दिवस सकाळी 140 दिसते. घरात सगळ्यांना हायसं वाटतं आणि रोजच्या सवयीने इन्सुलिनचे रोजचेच 2 युनिट टोचले जातात. चार-पाच तासांनी मांजर कपाटाखाली सापडतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, मागचे पाय लटपटतायत, हाक मारली तरी नजर भलतीकडेच. मधुमेह बळावलेला नसतो, उलट तो ओसरत असतो. बऱ्या होत चाललेल्या मांजराला आजारी मांजराचा डोस गेलेला असतो.

साखर बराच काळ चढलेली राहिली की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी थकतात आणि काम जवळजवळ थांबवतात. बाहेरून इन्सुलिन देऊन साखर खाली ठेवली की शिल्लक पेशींना उसंत मिळते आणि त्या पुन्हा कामाला लागतात. मग शरीरात दोन ठिकाणांहून इन्सुलिन येऊ लागतं, सुईतून आणि स्वादुपिंडातून. महिन्याभरापूर्वी जो डोस पुरत नव्हता, तोच आता जास्त होतो. ही गरज दोन-तीन आठवड्यांत अर्ध्यावर येऊ शकते.

इन्सुलिन पूर्ण बंद करून किमान 4 आठवडे साखर ठीक राहिली तर त्याला रेमिशन म्हणतात. सुरुवातीचे महिने इथे फार मोलाचे आहेत. रूम्प आणि रँड या संशोधकांच्या 2009 मधल्या अभ्यासात ग्लार्जिन (लांब पल्ल्याचं इन्सुलिन), कमी कर्बोदकांचं ओलं खाणं आणि घरी नेमाने मोजणी असा कार्यक्रम होता. निदानानंतर 6 महिन्यांच्या आत तो सुरू केलेल्या मांजरांपैकी 84 टक्के रेमिशनमध्ये गेली, उशिरा सुरू केलेल्यांपैकी 35 टक्के. म्हणून या टप्प्यावर कंटाळा करू नका आणि घाईही करू नका.

(लेखातले साखरेचे आकडे मिग्रॅ/डेसीलिटरमध्ये आहेत. साखर मोजायचं मीटर मिलिमोल दाखवत असेल तर त्या आकड्याला 18 ने गुणा.)

चूक: घड्याळ बघून टोचणं, आकडा न बघता

सकाळी आठ आणि रात्री आठ ही शिस्त चांगलीच. पण रेमिशन जवळ आल्यावर न मोजता एकही डोस देऊ नये. सुईआधीच्या आकड्यावरून काय करायचं ते पशुवैद्याकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजच्या दारावर लावा. प्रत्येक मांजराच्या मर्यादा वेगळ्या असतात. प्राण्यांसाठीच्या मीटरवर साधारण चौकट अशी असते: 200च्या वर ठरलेला डोस, 150 ते 200 असताना आधीच्या दोन-तीन दिवसांचा कल बघायचा, आकडे उतरत असतील तर डोस कमी करण्याबद्दल आधी फोन करायचा, 150च्या खाली सुई थांबवायची.

थांबवायची म्हणजे लगेच वाटी समोर ठेवायची असंही नाही. आकडा 100 ते 150च्या दरम्यान असेल आणि मांजर टवटवीत असेल तर खायला न देता 20 ते 30 मिनिटांनी पुन्हा मोजा. लगेच खाऊ घातलं तर पुढचा वाढलेला आकडा खाण्यामुळे वाढला की मागच्या डोसचा जोर ओसरल्यामुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. तासाभरात आकडा स्वतःहून चढला नाही, तर तो डोस सोडून द्या, मांजराला खाऊ घाला आणि पशुवैद्याला कळवा. एक डोस चुकल्याने साखर एखादा दिवस चढते. एक डोस जास्त झाल्याने मांजर दगावू शकतं. शंका आली की न देणं बरं.

सुईआधीच्या आकड्यावर सगळं कळत नाही, ही यातली खोच. इन्सुलिनचा सर्वांत मोठा परिणाम साधारण 4 ते 8 तासांनी दिसतो. सकाळी 220 असलेलं मांजर दुपारी 55 वर असू शकतं, आणि संध्याकाळी परत 230 दिसल्यावर माणसं डोस वाढवतात. म्हणून आठवड्यातून किमान दोन दिवस मधल्या वेळीही एकदा मोजा. मधला आकडा 80च्या खाली जायला लागला की डोस उतरवायची वेळ झाली असं समजून पशुवैद्याशी बोला.

चूक: खाणं बदललं, डोस तोच ठेवला

सर्वांत गंभीर अपघात इथे होतात. कुणीतरी सांगतं, कोरडं खाणं बंद करा. शनिवारी कोरड्या दाण्यांऐवजी डबाबंद ओलं खाणं सुरू होतं, इन्सुलिन मात्र तेवढंच राहतं. मांजराच्या यकृतात ग्लुकोजची मोठी लाट पटकन हाताळणारी यंत्रणा मुळातच दुबळी असते, त्यामुळे कर्बोदकं काढून टाकली की साखर दोन-तीन दिवसांतच धाडकन खाली येते.

पाकिटावर कर्बोदकांचा आकडा बहुधा नसतो. तो असा काढा: 100 मधून प्रथिनं, चरबी, तंतू, राख आणि ओलावा वजा करा. मग उष्मांक मोजा. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅममागे 3.5, चरबी ग्रॅममागे 8.5. उदाहरणार्थ, एका ओल्या डब्यात प्रथिनं 11, चरबी 6, तंतू 1, राख 2, ओलावा 78 असेल तर कर्बोदकं उरली 2. उष्मांक झाले 38.5 + 51 + 7, म्हणजे 96.5. त्यात कर्बोदकांचा वाटा सुमारे 7 टक्के. कोरड्या दाण्यांत प्रथिनं 32, चरबी 14, तंतू 4, राख 7, ओलावा 8 असेल तर कर्बोदकं 35 आणि उष्मांकांतला वाटाही 35 टक्क्यांच्या घरात. मधुमेही मांजरासाठी हा वाटा 12 टक्क्यांच्या आत हवा. पाकिटावरचे आकडे 'किमान' आणि 'कमाल' असे छापलेले असतात, त्यामुळे उत्तर ढोबळच येतं, पण 7 आणि 35 मधला फरक दिसायला तेवढं पुरतं. 'धान्यविरहित' लिहिलंय म्हणून विश्वास टाकू नका. धान्याऐवजी बटाटा किंवा वाटाणा असेल तरी कर्बोदकं भरपूर असतात.

बदल करायचा तर आधी पशुवैद्याशी बोलून डोस किती उतरवायचा ते ठरवा. मग 7 ते 10 दिवसांत पाव-पाव हिस्सा बदलत जा. तेवढे दिवस प्रत्येक सुईआधी आणि मधल्या वेळी एकदा मोजा. घरात मोजायला कुणी नसेल त्या आठवड्यात खाणं बदलूच नका.

उलटीही चूक होते. साखर छान 110 वर आलेली असताना अचानक 280 दिसते, मधुमेह परत आला म्हणून डोस वाढतो आणि दोन दिवसांनी कळतं की मांजर दुसऱ्या मांजराच्या वाटीतले दाणे खात होतं. डोस वाढवण्याआधी घरातल्या सगळ्या वाट्या, खाऊचे डबे आणि लाडाने भरवणारे हात तपासा.

खाण्याच्या वेळांबद्दल: ग्लार्जिनसारखं लांब पल्ल्याचं इन्सुलिन आणि कमी कर्बोदकांचं खाणं असेल तर दिवसातून दोनदाच पोटभर देण्याची सक्ती नाही. चार ते सहा छोटी जेवणं बऱ्याच मांजरांना जास्त मानवतात. लेन्टे इन्सुलिनचा जोर लवकर चढतो, तिथे सुईच्या वेळी पोटात अन्न असलंच पाहिजे. मांजराने तोंड फिरवलं तर पूर्ण डोस देऊ नका. 24 तास काहीच खाल्लं नाही तर वाट न बघता दवाखान्यात न्या. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचायला वेळ लागत नाही. लठ्ठ मांजराचं वजन उतरवायचंच आहे, पण आठवड्याला 0.5 ते 1 टक्का या वेगाने. 6 किलोच्या मांजरासाठी म्हणजे 30 ते 60 ग्रॅम.

चूक: सिरिंज कुठलीही चालते असं समजणं

यू-40 इन्सुलिनच्या 1 मिलिलिटरमध्ये 40 युनिट असतात, यू-100 मध्ये 100. यू-100 इन्सुलिन यू-40च्या सिरिंजमध्ये '1'च्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात 2.5 युनिट जातात. रेमिशनजवळच्या मांजराला एवढं पुष्कळ झालं. बाटली आणि सिरिंज या दोन्हींवरचा आकडा जुळतो का, हे प्रत्येक नवं पाकीट उघडताना बघा.

डोस लहान झाला की हातही बारकाईने चालावा लागतो. यू-100चं अर्धं युनिट म्हणजे 0.005 मिलिलिटर, टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. त्यासाठी 0.3 मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज घ्या. उजेडासमोर धरा. काळ्या रबराची सुईकडची कड रेघेवर टेकलेली हवी, मागची नव्हे. बुडबुडा असेल तर इन्सुलिन बाटलीत परत ढकलून पुन्हा काढा. मोठ्या डोसमध्ये न जाणवणारा बुडबुडा इथे निम्मा डोस खातो. पाव युनिट तर रेघांच्या मधोमध अंदाजानेच घ्यावं लागतं, म्हणून शक्यतो रोज एकाच माणसाने भरावं. ग्लार्जिन पाणी घालून पातळ करू नका, त्याने त्याचं लांब पल्ल्याचं काम बिघडतं.

सुई केसांतच रिकामी झाली तर तिथे बोट लावून बघा: केस ओले लागतात आणि औषधाचा उग्र वास येतो. किती आत गेलं, किती बाहेर, ते कळत नाही. तरीही दुसऱ्यांदा टोचू नका.

चूक: चांगले आकडे दिसले की एकदम बंद

पहिल्या 90 वर इन्सुलिन बंद करणारी घरं बरीच असतात. दहा दिवसांनी साखर परत 300. पेशी नुकत्या उठलेल्या असतात, त्यांच्यावरचा भार हळूहळू वाढवायचा असतो. डोस 0.25 ते 0.5 युनिटच्या पायऱ्यांनी उतरवा. ग्लार्जिनचा नव्या डोसवर जम बसायला काही दिवस जातात, म्हणून मांजर सुरक्षित असेल तर प्रत्येक पायरीवर साधारण आठवडाभर थांबा. साखर फार खाली जात असेल तर मात्र आठवडा मोजत बसायचं नाही, डोस त्याच दिवशी उतरवायचा.

आज दिला, उद्या नाही, परवा पूर्ण, असा लपंडाव चालवण्यापेक्षा लहान डोस नेमाने दिलेला चांगला. सुई वारंवार सोडावी लागत असेल तर त्याचा अर्थ ठरलेला डोसच जास्त आहे. शेवटची पायरी बहुधा अर्धं किंवा पाव युनिट असते. त्यावरही आकडे 80 ते 130च्या दरम्यान राहिले की पशुवैद्याच्या संमतीने बंद करून बघायचं. पुढचे 14 दिवस रोज सकाळी खाण्याआधी आणि अधूनमधून खाल्ल्यावर तीनेक तासांनी मोजा. सलग दोन-तीन दिवस 180च्या वर आकडे आले तर 'बघू अजून' म्हणून ताणू नका. लहान डोस लवकर परत सुरू केला तर दुसऱ्यांदा प्रयत्न करायला वाव राहतो.

चूक: चुकीच्या आकड्यावर निर्णय

दवाखान्यात घाबरलेल्या निरोगी मांजराची साखरही 300 पर्यंत चढू शकते. तेवढ्यावरून डोस वाढवू नये. माणसांचे मीटर मांजराच्या रक्तात आकडा बऱ्याचदा खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. ते वापरायला हरकत नाही, पण मीटर मध्येच बदलू नका आणि कोणत्या मीटरचे आकडे आहेत ते पशुवैद्याला सांगा. त्वचेवर लावलेल्या, साखर मोजणाऱ्या सेन्सरवर मांजर झोपलं की दाब पडून खोटा कमी आकडा दिसतो. तो दिसला तर कानाच्या कडेवरून थेंब घेऊन खात्री करा. लघवीच्या पट्टीवर साखर 'नाही' आली, तर साखर ठीक आहे की धोक्याइतकी खाली आहे हे पट्टी सांगू शकत नाही. इन्सुलिन चालू असताना तिच्यावर डोस ठरवू नका.

साखर खाली गेलीच तर

60च्या खालचा आकडा, किंवा मीटर हाताशी नसताना लटपटणं, अचानक हावरटासारखं खाणं, शून्यात बघणं, झटके: यांपैकी काहीही दिसलं तर आधी उपाय, फोन नंतर. मांजर गिळू शकत असेल तर ग्रेव्हीवालं, कर्बोदकांचं खाणं द्या. खात नसेल तर चमचाभर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा. झटके येत असताना तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. हिरड्यांना चोळा आणि दवाखान्याकडे निघा. 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, मग दर अर्ध्या तासाने. मधाचा परिणाम थोडा वेळच टिकतो, इन्सुलिनचा कित्येक तास. मांजर सावरल्यासारखं दिसलं म्हणून झोपी जाऊ नका. अशा प्रसंगानंतर काही मांजरांची साखर दिवसभर उंच राहते. त्या आकड्यावर डोस वाढवणं म्हणजे तोच अपघात पुन्हा ओढवून घेणं. पुढचा डोस पशुवैद्याशी बोलल्याशिवाय द्यायचा नाही, आणि तो कमीच असणार.

रेमिशन मिळाल्यावर

कोरड्या दाण्यांकडे परत जाऊ नका. खाजेसाठी किंवा हिरड्यांसाठी स्टिरॉइड सुचवलं गेलं तर 'याला मधुमेह होऊन गेलाय' हे आधी सांगा. प्रेडनिसोलोन आणि विशेषतः दीर्घ मुदतीचं स्टिरॉइड इंजेक्शन मधुमेह परत आणू शकतं. दातांचा संसर्ग आणि मूत्रमार्गाचा संसर्गही साखर चढवतात, तेव्हा ते अंगावर काढू नका. पुन्हा औषध लागलंच तर बेक्साग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या मनाने सुरू करू नका. आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजराला ती देऊ नये असं तिच्या लेबलवरच आहे, आणि त्या गोळीवर साखर ठीक दिसत असतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारी आम्लं) चढू शकतात.

रेमिशनमधल्या साधारण चार मांजरांपैकी एकीला तरी मधुमेह परत गाठतो. आठवड्यातून एकदा कानाचा थेंब किंवा लघवीची पट्टी (इन्सुलिन बंद असताना ती उपयोगी पडते) आणि पंधरवड्यातून एकदा वजन, एवढं चालू ठेवा. मीटरच्या पट्ट्यांची मुदत संपू देऊ नका. आणि शौचपेटी साफ करताना लघवीने बनलेल्या मातीच्या गोळ्यांकडे लक्ष द्या: लिंबाएवढे होणारे गोळे मोसंब्याएवढे व्हायला लागले, तर आठवड्याच्या मोजणीची वाट न बघता त्याच दिवशी मोजा.