बंद घरे आणि भरली चूल : कोकणातील गावाची सामाजिक-आर्थिक पाहणी कशी करावी

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ भरली. म्हणजे दहा वर्षांत जिल्हा ४.८२ टक्क्यांनी घटला. सिंधुदुर्गही याच काळात २.२१ टक्क्यांनी घटला, आणि रत्नागिरीला लागूनच असलेला रायगड मात्र १९ टक्क्यांहून अधिक वाढला. एकाच किनाऱ्यावरचे हे तीन जिल्हे असताना एवढा फरक का पडतो, याचे उत्तर जिल्ह्याच्या आकड्यांत सापडत नाही. ते गावात, किंबहुना वाडीत उतरल्यावर सापडते. म्हणूनच ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, शाळेचा प्रकल्प, बचतगटाचा प्रस्ताव किंवा निव्वळ आपल्या गावाबद्दलची आस्था, यांपैकी कोणत्याही कारणाने गावाची पाहणी हाती घेणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे.

यातील एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. कोकणातील गावाची लोकसंख्या हा एक आकडा नसतो. गावात प्रत्यक्ष राहणारे, गावचे म्हणवणारे पण मुंबई-पुण्यात राहणारे, आणि हंगामापुरते गावात येऊन राहणारे, असे तीन आकडे वेगळे काढले तरच गावाचे खरे चित्र उभे राहते. हे तीन आकडे एकमेकांत मिसळले, की पाणीयोजनेपासून अंगणवाडीपर्यंतचा पुढचा प्रत्येक हिशेब चुकतो.

आधी हद्द ठरवा

जनगणना महसुली गावाची होते, कारभार ग्रामपंचायतीचा असतो आणि माणसे मात्र वाडीने ओळखली जातात. ग्रुप ग्रामपंचायत असेल तर तिच्यात दोन-तीन महसुली गावे येतात. उलट एखादी वाडी कागदावर एका गावात आणि वाटेने दुसऱ्या गावाला जवळ असते. त्यामुळे पहिल्याच पानावर एक तक्ता करावा : कोणती वाडी कोणत्या महसुली गावात, कोणत्या प्रभागात, आणि शाळा, रेशन दुकान, एसटीचा थांबा व प्राथमिक आरोग्य केंद्र तिथून किती अंतरावर. वाडी सड्यावर (उंचावरच्या कातळपठारावर) आहे, खलाटीत (खालच्या सखल भागात) आहे की खाडीकाठी, हेही लिहावे. जांभ्याच्या सड्यावरील वाडीला एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची जी ओढ लागते, ती तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात वरच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला सांगूनही पटत नाही. वाडीनिहाय तक्ता असला तर पटवून देता येते.

शहरालगतच्या भागात हद्दीचा प्रश्न आणखी नाजूक होतो. रत्नागिरी शहराला लागून असलेली नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव ही ठिकाणे पाहिली, की इमारती शहराच्या आणि कारभार ग्रामपंचायतीचा, हे लगेच ध्यानात येते. जनगणनेच्या व्याख्येनुसार किमान ५,००० लोकसंख्या, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक, या तिन्ही अटी पूर्ण करणारे ठिकाण नगरपालिका नसतानाही नागरी मानले जाते. आपला भाग ग्रामीण की नागरी, हे रस्त्यावरून जाताना ठरवू नये. या तीन अटी लावून पाहाव्यात आणि कोणती अट किती अंतराने पूर्ण होते किंवा हुकते, ते लिहावे.

मग कागद

घरोघरी जाण्याआधी उपलब्ध नोंदी गोळा कराव्यात. प्रत्येक महसुली गावाचा प्राथमिक गोषवारा आणि जिल्हा जनगणना पुस्तिकेतील गावनिहाय सुविधांची माहिती जनगणना संचालनालय प्रसिद्ध करते. हे आकडे २०११ चे आहेत आणि पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे, म्हणून सध्या ते पायाभूत म्हणून घ्यावेत, आजची स्थिती म्हणून नव्हे. त्यानंतर ग्रामपंचायतीतील नमुना ८ म्हणजे घरपट्टीची आकारणी आणि जन्म-मृत्यूची नोंदवही, तलाठी कार्यालयातील ८अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि सातबारा, रेशन दुकानातील अंत्योदय व प्राधान्य कुटुंबांची संख्या, शाळेचा पट आणि मतदारयादी पाहावी.

यातील प्रत्येक कागद वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे विसरू नये. नमुना ८ घरे सांगतो, त्यांतील माणसे नाही. मतदारयादी आपलेपणा सांगते, वास्तव्य नाही. अनेक चाकरमान्यांनी, म्हणजे कामासाठी शहरात राहणाऱ्यांनी, मत गावातच ठेवलेले असते. सातबारा मालकी सांगतो, कसणारा नाही. माझ्या अनुभवात सर्वांत भरवशाची वही अंगणवाडी सेविकेची असते, कारण ती दर महिन्याला उंबरठ्यापर्यंत जाते आणि कोणती सून माहेरी गेली, कोणत्या घरी बाळ आले, हे तिला विचारावे लागत नाही. तिच्यासोबत आणि आशाताईंसोबत एक अख्खी दुपार बसावे. निम्मी पाहणी तिथेच होते.

घरोघरी : कोणाला मोजावे

जनगणनेत कुटुंबाची ओळख सामायिक स्वयंपाकावरून होते, आणि कोकणात तर कुटुंब विचारायचे तर चूल विचारावी हा जुनाच रिवाज आहे. एकाच माजघराच्या दोन बाजूंना दोन भावांच्या दोन चुली असतील तर ती दोन कुटुंबे. तरीही हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नसतो. सिंधुदुर्गातील एका वाडीत खळ्यात मिरच्या वाळत घालणाऱ्या आजींना मी विचारले, घरात माणसे किती? त्या चटकन म्हणाल्या, "आमी नऊ जणां." मी नऊ लिहिले आणि पाणी प्यायला आत गेलो. मांडणीत एक ताट, एक पेला आणि एक तांब्या पुढच्या ओळीत होते. बाकीची भांडी वरच्या फळीवर पेपर घालून पालथी ठेवलेली होती. पुन्हा विचारले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "हयसर (इथे) मी एकटीच." त्यांनी पहिल्यांदा खोटे सांगितले नव्हते. मी प्रश्न चुकीचा विचारला होता.

म्हणून प्रश्नावलीत तीन रकाने असावेत. पहिल्यात गेल्या सहा महिन्यांत बहुतेक रात्री याच घरात झोपलेली माणसे. दुसऱ्यात या घरची पण बाहेर राहणारी माणसे, त्यांचे शहर, काम आणि ती गावी कधी येतात. तिसऱ्यात या घराच्या आवारात, बागेत किंवा बोटीवर हंगामापुरती राहणारी माणसे. तिसरा रकाना सर्वांत जास्त रिकामा ठेवला जातो आणि तोच सर्वांत जास्त महत्त्वाचा आहे. हापूसच्या बागांत राखण करणारी नेपाळी कुटुंबे, मासेमारी बोटींवरील परप्रांतीय खलाशी, जांभ्याच्या चिरेखाणींवरील कर्नाटकातून आलेले मजूर, रायगडात वीटभट्टीवर सहकुटुंब जाणारे कातकरी, हे सारे आपल्या गावाच्या विहिरीचे पाणी पितात. त्यांची लेकरे आपल्याच अंगणवाडीच्या कुंपणाबाहेर खेळतात. त्यांना वगळून केलेला आराखडा अपुरा राहतो.

बंद घरे टाळून पुढे जाऊ नये. कुलूप कायमचे आहे की गणपतीला उघडते, हे शेजारी सांगतो. कुलपावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली असेल, तुळशीला कोणीतरी पाणी घालत असेल आणि कौले शाकारलेली असतील, तर ते घर जिवंत आहे. परसात रान माजून वासे झुकले असतील, तर ते वेगळ्या वर्गात घालावे. राहती, सणासुदीला उघडणारी आणि सोडलेली, असे घरांचे तीन वर्ग केले, की वाडीची दिशा कळते.

पाहणीचा काळ जपून निवडावा. शिमगा, मे महिना आणि गणपती या दिवसांत मोजणी केल्यास गाव दुप्पट भरते. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली होती. आपणही मुख्य मोजणी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावी, म्हणजे आकडे तुलनेला येतात आणि बागांतील राखणदारही हजर असतात. मात्र दुसरी, छोटी फेरी गणपतीत अवश्य करावी. दुसऱ्या रकान्यातील माणसे तेव्हा समोर बसलेली असतात आणि आरतीनंतर ओटीवर मोकळेपणाने बोलतात. परत येण्याचा विचार आहे का, घर दुरुस्त का केले, जमिनीच्या वाटण्या झाल्या का, ही माहिती वर्षात दुसऱ्या कोणत्याही वेळी इतक्या सहज मिळत नाही.

काम आणि उत्पन्न

जनगणना वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम करणाऱ्याला मुख्य आणि त्याहून कमी काम करणाऱ्याला सीमांतिक कामगार मानते. कोकणातील माणूस या चौकटीत बसत नाही, कारण तोच माणूस आषाढात लावणी करतो, कार्तिकात भात झोडतो, पौषात आंब्याच्या मोहोरावर फवारणीला जातो आणि वैशाखात आंब्याच्या पेट्या भरतो. तेव्हा "काय करता?" असे विचारण्याऐवजी बारा महिन्यांचा तक्ता समोर धरावा आणि प्रत्येक महिन्याचे काम विचारावे. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत घर कशावर चालते हा स्वतंत्र प्रश्न ठेवावा. कर्जाची खरी माहिती तिथेच मिळते.

स्त्रियांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. "काही नाही, घरीच असते" असे सांगणारी बाई पहाटे बंदरावर लिलावाला उभी असते, दुपारी सुकत घातलेली मासळी उलटते किंवा काजूच्या कारखान्यात किलोच्या दराने गर सोलते. स्वतःच्या शेतावरील बिनमोबदल्याचे कामही जनगणनेच्या व्याख्येत काम धरले जाते. हे माहीत नसलेल्या मोजणीदाराने अर्धे गाव बेकार ठरवल्याचे मी पाहिले आहे.

जमिनीचा प्रश्न मालकीवर थांबवू नये. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सामाईक नावे असतात, त्यांतील निम्मी माणसे हयात नसतात, आणि बाग भलत्याच कोणी कराराने घेतलेली असते. खोती (गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांचे वतन) रद्द करणारा कायदा १९४९ चा आणि जमीन कसणाऱ्या कुळांना संरक्षण देणारा कुळकायदा १९४८ चा. त्यांच्या खुणा आजही वाडीवाडीतील धारणेच्या फरकात दिसतात. म्हणून मालक कोण, कसतो कोण आणि पैसा कोणाच्या हातात येतो, असे तीन प्रश्न वेगळे विचारावेत. बोटीच्या बाबतीतही मालक, तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आणि खलाशी यांची वेगळी नोंद करून पगार मिळतो की वाटा, हे लिहावे.

उत्पन्नाचा आकडा थेट विचारल्यास कोणी खरा सांगत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्याऐवजी छप्पर कौलाचे, पत्र्याचे की स्लॅबचे, रेशनकार्ड पिवळे, केशरी की पांढरे, शहरातून दरमहा पैसे येतात का, श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळते का, आणि दवाखान्याचा शेवटचा मोठा खर्च कशातून भागवला, एवढे विचारले तरी घराची ऐपत कळते.

शहरालगतच्या भागात घराऐवजी इमारत हे एकक धरावे. तिथे भाडेकरूंची, शिकण्यासाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलांची आणि चाकरमान्यांनी घेऊन ठेवलेल्या रिकाम्या सदनिकांची नोंद सोसायटीच्या सचिवाकडून घेता येते. आपण मूळचे कुठले आणि इथे किती वर्षे, हे दोन प्रश्न तिथे सर्वांत जास्त सांगून जातात : मागच्या खेड्यांतून उठलेली कुटुंबे पुष्कळदा मुंबईत नव्हे, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावाशेजारी येऊन थांबलेली आढळतात.

आकडे वाचताना

२०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात ७,६१,१२१ पुरुष आणि ८,५३,९४८ स्त्रिया होत्या, म्हणजे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. राज्याचे प्रमाण तेव्हा ९२९ होते. यावरून कोकणात मुलींचा जन्म अधिक होतो असा निष्कर्ष काढणे चूक आहे. पुरुष कामासाठी बाहेर गेले, म्हणून हे प्रमाण चढले. आपल्या गावाचे प्रमाण काढताना शून्य ते सहा वयोगटाचे प्रमाण नेहमी शेजारी ठेवावे, कारण त्या वयात स्थलांतराचा परिणाम फारसा नसतो आणि खरी चिंता असेल तर तिथेच दिसते.

लहान वाडीत प्रमाणे आणि टक्केवारी फसवतात. समजा, वाडीत ४० पुरुष आणि ५२ स्त्रिया आहेत. प्रमाण १३०० येते. दोन मुलगे सुटीवर आले की तेच १२३८ होते. म्हणून शंभराच्या आतील वाडीसाठी मूळ संख्याच द्याव्यात. साक्षरता काढताना सात वर्षांखालील मुले भाजकातून वगळावीत. वयाच्या बाबतीत साठीपुढील माणसे किती आणि त्यांतील एकटी राहणारी किती, या दोन संख्या मी सर्वांत वर लिहितो. रात्री बारा वाजता छातीत दुखले तर गाडी काढणारे कोणी वाडीत आहे का, हे त्यावरून समजते.

अहवालात नावे देऊ नयेत. एखाद्या वाडीत एखाद्या समाजाची तीन-चारच घरे असतील, तर त्यांचे उत्पन्न वा कर्ज वेगळे छापू नये. नाव नसले तरी गावाला घर ओळखता येते. मसुदा आधी प्रत्येक वाडीत वाचून दाखवावा आणि मगच ग्रामसभेत ठेवावा, कारण ग्रामसभेत मोजकी माणसे बोलतात, वाडीच्या देवळात बायकाही चुका दाखवतात. त्या दुरुस्त्या झाल्यावर पहिल्या पानावर मोजणीची सुरुवातीची व शेवटची तारीख आणि मोजणाऱ्यांची संख्या लिहावी. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक गावाच्या मुंबईतील मंडळाकडे ठेवावी, आणि कोऱ्या प्रश्नावलीचा एक संच प्रत्येक प्रतीसोबत जोडावा, म्हणजे पाच वर्षांनी दुसऱ्या कोणाला त्याच महिन्यात, त्याच प्रश्नांनी, त्याच वाड्यांतून पुन्हा फिरता येईल.