रेषेचा माग : रेखाटनातून कोलाजकडे, कोलाजातून विणकामाकडे

रेषेचा अभ्यास बहुधा पेन्सिल हातात घेऊन सुरू होतो आणि पेन्सिलीपाशीच संपतो. त्यामुळे रेषा म्हणजे कागदावर उमटलेली खूण, एवढीच तिची ओळख पक्की होत जाते. प्रत्यक्षात दोन कागदांच्या कडा जिथे भिडतात तिथेही रेषा असते, आणि ताणलेला धागा तर स्वतःच रेषा असतो. त्याला जाडी, वजन व पीळ असतो आणि तो दुसऱ्या धाग्याखाली जाऊन दिसेनासाही होतो. पुढे दिलेल्या पद्धतीत एकच रेषा निवडून ती आधी काढायची, मग कागद फाडून, कापून व चिकटवून (म्हणजे कोलाजमधून) घडवायची आणि अखेरीस विणायची आहे. तीन स्वतंत्र देखण्या कृती करण्यापेक्षा प्रत्येक कृती आधीच्या कृतीतून निघू देणे इथे अधिक महत्त्वाचे आहे.

साहित्य साधेच लागते. ए-३ आकाराचे थोडे जाड कागद, २बी आणि ६बी पेन्सिली, काळी शाई, एखादी टोकदार काडी, जुनी वर्तमानपत्रे, तपकिरी वेष्टनाचा कागद, पन्हळी पुठ्ठा, पांढरा गोंद, कात्री, कटर, पोलादी पट्टी, सुती दोरा, लोकर, सुतळी, बारीक मऊ तार, कापडाच्या चिंध्या आणि मोठ्या नेढ्याची बोथट सुई एवढे जमवावे. रंग मात्र शक्यतो दूर ठेवावेत. रंग आला की डोळा आधी त्याच्याकडे जातो आणि रेषेतले बारीक फरक नजरेतून सुटतात. काळा, पांढरा आणि तपकिरी यांत पुष्कळ काही साधते.

रेखाटन

पहिला प्रश्न असतो तो कोणती रेषा घ्यावी हा. मनातून काढलेले वळण सवयीचेच निघते, म्हणून ते बाहेरून मिळवावे. सुमारे मीटरभर जाड दोरा टेबलावर थोड्या उंचीवरून सोडावा आणि तो जसा पडेल तसा राहू द्यावा. मीटरभर लांबीचे दोरे मीटरभर उंचीवरून सोडून मिळणाऱ्या वळणांनाच मापाचा दर्जा देण्याची कल्पना फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ यांनी १९१३-१४ मध्ये मांडली होती. आपल्याला माप नको आहे. आपल्या हाताने ठरवलेली नाही अशी रेषा तेवढी हवी आहे.

पहिले रेखाटन कागदाकडे न पाहता करावे. नजर दोऱ्याच्या एका टोकावर ठेवून ती जितक्या सावकाश पुढे सरकेल तितक्याच सावकाश पेन्सिल चालवावी आणि मध्ये उचलू नये. प्रमाण चुकेल, टोके भलतीकडे जातील. तरीही नजरेने खरोखर पाहिलेली प्रत्येक कलाटणी त्यात उतरलेली असते. दुसऱ्या रेखाटनात ६बी पेन्सिल घेऊन दाब बदलावा. दोरा जिथे स्वतःवरून जातो तिथे दाब वाढवावा, जिथे खाली जातो तिथे कमी करावा किंवा रेषा तोडावी. हे वर-खालीचे भान पुढे विणताना थेट उपयोगी पडते. तिसरे रेखाटन शाईत बुडवलेल्या काडीने करावे, म्हणजे शाई संपत जाताना रेषा कशी विरते ते दिसेल. नंतर कागद भिंतीला लावून तेच वळण मोठे करून काढावे. मनगटातून निघालेली रेषा लहान कमानींत फिरते, खांद्यातून निघालेली लांब आणि मोकळी येते, आणि हा फरक वाचून कळत नाही. पट्टी या टप्प्यावर पूर्णपणे बाजूला ठेवावी.

आणखी एक प्रयोग जरूर करावा. तोच दोरा शाईत भिजवून कागदावर ठेवावा, एक टोक बाहेर राहू द्यावे, वर दुसरा कागद ठेवून तळहाताने दाबावे आणि टोक धरून दोरा हळूहळू ओढून काढावा. जे उमटते ते दोऱ्याचे चित्र नसते, त्याच्या हालचालीचे असते.

कोलाज

कागद फाडण्यापूर्वी त्याच्या तंतूंची दिशा ओळखावी. कागद एका दिशेने सहज वाकतो आणि दुसऱ्या दिशेने थोडा अडतो; सहज वाकताना जी घडी पडू पाहते तिला समांतर त्याचे तंतू असतात. त्या दिशेने फाडलेली कड बरीचशी सरळ जाते, आडवी फाडलेली कड वेडीवाकडी आणि दंतुर होते. छापील कागद स्वतःकडे ओढून फाडला की पांढरी किनार कोणत्या तुकड्यावर राहते ते पाहावे. ही किनारच फुकट मिळालेली रेषा असते आणि ओढण्याची दिशा बदलून ती हव्या त्या तुकड्यावर आणता येते.

आता आवडलेल्या रेखाटनाची नक्कल करून घ्यावी आणि ती रेषेवरूनच कात्रीने कापावी. रेषा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जात नसेल तर तिची टोके कडेपर्यंत वाढवावीत, आणि ती स्वतःला छेदत असेल तिथे एकच वाट निवडावी. दोन्ही तुकडे गडद कागदावर तीन-चार मिलिमीटर अंतर सोडून ठेवले की मधली फट हीच रेषा होते. माझ्या मते कोलाजमधली सर्वांत बोलकी रेषा चिकटवलेली नसते, ती अशी मोकळी सोडलेली असते. अंतर एका टोकाला वाढवत नेले तर तिला जाडीही येते.

प्रत्यक्ष दोर चिकटवण्यातही गैर काही नाही. पिकासोने १९१२ मध्ये वेताच्या खुर्चीची नक्षी छापलेले मेणकापड चित्रात वापरले आणि त्या लंबवर्तुळाकार चित्राभोवती खराखुरा दोर लावला. तिथे दोर चौकटही आहे आणि रेषाही. मात्र तार गोंदाने नीट बसत नाही, ती बारीक टाक्यांनी कागदावर अडकवावी. ती कागदापासून किंचित वर राहिली तर तिची सावली ही आणखी एक रेषा मिळते. गोंद पातळ थराने लावावा आणि काम वजनाखाली वाळवावे, नाहीतर ओलाव्याने फुगलेला कागद वाळताना वळतो.

विणकाम

मागासाठी सुमारे २० बाय ३० सेंटिमीटरचा जाड पन्हळी पुठ्ठा घ्यावा. पन्हळी उभ्या, म्हणजे ताण्याच्या (मागावर आधी ताणलेल्या उभ्या धाग्यांच्या) दिशेने ठेवाव्यात. आडव्या ठेवल्यास ताण पडताच पुठ्ठा मधून वाकतो. वरच्या व खालच्या कडेला अर्ध्या सेंटिमीटर अंतरावर छोट्या खाचा पाडून त्यांतून सुती दोऱ्याचा ताणा चढवावा. लोकर ताण्याला घेऊ नये, ती ताणली जाते. बोटाने दाबल्यावर दोरा लगेच परत यावा, पण पुठ्ठा कमानीसारखा उचलला जाऊ नये, इतकाच ताण असावा. सुरुवातीच्या चार-पाच ओळी साध्या दोऱ्याने एक वर, एक खाली अशा विणून जेवणाच्या काट्याने खाली दाबून घ्याव्यात. बाणा, म्हणजे विणत नेलेला आडवा धागा, प्रत्येक ओळीत सरळ न ओढता थोडा कमानीत सोडावा आणि मग दाबावा, नाहीतर विणीच्या कडा आत खेचल्या जाऊन कापड मधोमध अरुंद होते.

रेखाटन ताण्याखाली सरकवावे आणि प्रत्येक उभ्या धाग्यावर रेषा जिथून जाते तिथे पेनाने ठिपका द्यावा. इथून खरी गंमत सुरू होते, कारण मागाला सगळ्या दिशा सारख्या सोप्या नाहीत. आडवी रेषा एका ओळीत होते. तिरकी रेषा पायऱ्यापायऱ्यांनी चढते. उभ्या रेषेच्या दोन बाजूंना वेगळे बाणे घेऊन ते तिथूनच परत फिरवले तर मध्ये चीर राहते. ती चीरच रेषा म्हणून ठेवावी, किंवा बाणे एकमेकांत अडकवून बुजवावी. वाहते वळण हवे असेल तर आधी रेषेखालचा भाग क्रमाने आखूड होत जाणाऱ्या ओळींनी उंचवट्यासारखा भरावा, त्या उतारावरून गडद सुतळी न तोडता न्यावी आणि मग वरचा भाग विणावा. रेषा पृष्ठभागातून वर उठून दिसायला हवी असेल तर वेढ्याची वीण वापरावी: धागा दोन ताण्यांवरून पुढे न्यायचा, एकाखालून मागे आणायचा, पुन्हा दोनांवरून पुढे. अशी एक ओळ तिरक्या टाक्यांची दिसते, आणि परतीची ओळ उलट दिशेने घातली की दोन्ही मिळून वेणीसारखी उमटतात.

कागदही विणता येतो. तंतूंच्या दिशेने कापलेल्या सेंटिमीटरभर रुंदीच्या पट्ट्या पीळ देऊन वापरल्यास सहसा तुटत नाहीत. कोलाजमधून उरलेले तुकडे यासाठी उत्तम, कारण छापील अक्षरांचे ठिपके पिळात विखुरतात आणि रेषेला आपोआप पोत येतो. तार मात्र ताण्याच्या जागी घेऊ नये. ती बाण्यासोबत जादा धागा म्हणून घालावी.

वीण पुरी झाल्यावर ताणा मागच्या बाजूने दोन-दोन धागे कापून लगेच गाठी माराव्यात. मागे लोंबणारी टोके छाटण्याआधी उलटी बाजू नीट पाहावी. पुढून तुटक वाटणारी रेषा मागे कोणत्या वाटेने गेली आहे ते तिथे कळते, आणि कित्येकदा उलटी बाजूच अधिक जिवंत निघते. आनी आल्बर्स १९२२ मध्ये बाउहाउस या जर्मन कलाशाळेत आल्या आणि विणकामासाठी नावाजल्या. १९६०च्या दशकात त्या मुद्राचित्रणाकडे (छापून चित्रे काढण्याकडे) वळल्या आणि एकमेकींत गुंतत जाणाऱ्या रेषा त्यांनी पुन्हा कागदावर आणल्या. तसाच प्रयत्न विणीवर पातळ कागद ठेवून आणि ६बी पेन्सिल आडवी घासून करता येतो. वर उठलेले वेढे गडद, चिरा पांढऱ्या आणि सपाट वीण करडी उमटते. तार असलेल्या भागावर कागद फाटतो, तिथे घासण्याऐवजी डोळ्यांनी पाहूनच काढावे.