फुलोऱ्याच्या कडाकण्या: भोक आधी, तळण नंतर

आमच्या बेळगाव भागात नवरात्रात देवीच्या घटावर कडाकण्यांचा, म्हणजे दोऱ्यात ओवलेल्या कडक गोड पुऱ्यांचा, फुलोरा बांधतात. सासूबाई तळलेल्या कडाकणीला सुईने भोक पाडायच्या आणि निम्म्या तिथंच मोडायच्या. मी लाटल्याबरोबर काडीने भोक पाडते, मगच तळते.

मैद्याऐवजी 2 वाट्या कणीक, अर्धी वाटी बारीक रवा, 2 चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पाऊण वाटी गुळाच्या पाण्यात घट्ट मळून अर्धा तास झाकायचं. पातळ लाटून मंद आचेवरच तळा, गूळ लगेच करपतो. निवल्याशिवाय डब्यात भरू नका, मऊ पडतात.

याच पिठाची देवीची वेणी, फणी, करंडा मात्र लेकीकडून करून घेते. वाकडी झाली तरी तीच आधी बांधते.