जर्मनीत लेकरू घेऊन येणाऱ्यांसाठी: किटा, मराठी अन् मोबाईल

लातूर, नांदेड, परभणी, बीड, आपल्या भागातली बरीच तरुण जोडपी आता नोकरीसाठी जर्मनीत यायलीत. कुणाच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं लेकरू असतं, कुणाकडं इथं आल्यावर वर्षभरात पाळणा हलतो. घर कसं शोधायचं, पत्त्याची नोंदणी कशी करायची हे सांगणारे ढीगभर आहेत, पण लेकराचं काय करायचं ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहायले. मी मूळची परभणीकडची, बरीच वर्षं बर्लिनमध्ये आहे, दोन्ही लेकरं इथल्या साध्या किटातच वाढली.

सगळ्यात आधी किटाचं नाव नोंदवा. हे वाचून झालं की लगेच. किटा म्हणजे आपली अंगणवाडी, प्ले ग्रुप अन् नर्सरी सगळं एका छताखाली, शाळा सुरू होईपर्यंत. १ ऑगस्ट २०१३ पासून इथं वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक लेकराला सांभाळायच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण हक्क आहे म्हणून जागा चालत दारात येत नाही, मोठ्या शहरांत तर नाहीच. बायको पोटुशी असतानाच पाच-सहा किटांना मेल टाकायचे, जमलं तर जाऊन भेटायचं, अन् दोन महिन्यांनी पुन्हा आठवण करायची. लोक एकदा ऑनलाइन फॉर्म भरतात अन् गप्प बसतात, मग वर्षानं म्हणतात जागाच मिळंना. पुन्हा विचारा, त्यात लाज कसली? बर्लिनमध्ये आधी सरकारी गुटशाइन, म्हणजे किटाच्या जागेचं कूपन, काढावं लागतं, २०१८ च्या ऑगस्टपासून किटाची फी माफ आहे, जेवणाचे महिन्याला २३ युरो तेवढे भरायचे. दुसऱ्या राज्यांत फीचे नियम वेगळे, म्युनिकला नोंदणीचं पोर्टलही वेगळं, तुमच्या शहराचं बघून घ्या. किटात जागा नसेल तर टागेसमुटर बघा, ती तिच्या घरी चार-पाच लेकरं सांभाळते, लायसन्स असलेली असते, लहान लेकराला तिथं उलट बरं पडतं.

एल्टर्नगेल्ड म्हणजे लहान बाळ सांभाळणाऱ्या आई-बापाला सरकार देतं ते पैसे, त्याचा अर्ज बाळ झाल्यावर तीन महिन्यांच्या आत टाका, त्याहून मागचे पैसे मिळत नाहीत. किंडरगेल्डला, म्हणजे लेकरामागं दर महिन्याला मिळणाऱ्या सरकारी पैशाला, सहा महिने मागचं मिळतं. झालं एवढंच.

जागा मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवशी लेकरू सोडून ऑफिसला असं नसतं. आपल्याकडं नर्सरीच्या दारात रडणारं लेकरू बाई आत ओढून नेतात अन् आई डोळे पुसत रिक्षात बसते, तसं इथं चालत नाही अन् चालत नाही ते चांगलंच आहे. इथं आयनगेव्यूनुंग असतं, म्हणजे हळूहळू सवय लावणं. पहिले तीन दिवस आई किंवा बाप लेकरासोबत खोलीतच बसतो, सोडून जायचं नाव नाही, चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जाऊन बघायचं, लेकरू कसं वागतंय त्यावर पुढचं ठरतं. दोन आठवडे लागतील, चार लागतील, कधी जास्तही. म्हणून एक गोष्ट पक्की धरा, नवीन नोकरीची जॉइनिंग अन् किटाची सुरुवात एकाच महिन्यात ठेवू नका. अन् बापांनो, हे आईचंच काम म्हणून बाजूला होऊ नका, इथले बाप सर्रास बसतात त्या खोलीत. पहिल्या हिवाळ्यात लेकरू सारखं आजारी पडेल, त्यासाठी सरकारी विम्यात आई-बाप दोघांनाही वेगळ्या सुट्ट्या असतात, मॅनेजरला घाबरून तापातलं लेकरू औषध पाजून पाठवू नका. दुसऱ्याच्या लेकराचाही विचार करा जरा.

आता आपल्या भागाची एक सवय. लातूर पॅटर्नचा आपल्याला अभिमान आहे, मलाही आहे, दहावी-बारावीला लेकरांनी घासलं म्हणून कितीतरी घरं वर आली. पण तो पॅटर्न आता खाली सरकत सरकत अडीच वर्षांच्या लेकरापर्यंत आलाय, नर्सरीच्या बाईंना विचारायलेत की ह्याला एबीसीडी कधी येईल. तेच आई-बाप इथं येऊन किटाच्या बाईंना विचारतात की आज काय शिकवलं, अन् उत्तर येतं की आज आम्ही चिखलात खेळलो. मग घरी चर्चा, पैसे गेले तरी चालतील, इंग्रजी किटात टाकू, नाहीतरी दोन वर्षांनी परत जायचंय. दोन वर्षांनी परत जाणारे मी फार कमी पाहिलेत. लेकरू सहा वर्षांचं झालं की इथं शाळा सक्तीची आहे, ती जर्मनमध्ये असते, अन् तोपर्यंत जर्मन कानावर पडलेलं नसेल तर त्या लेकराची पहिली दोन वर्षं फार जड जातात.

चिखलात खेळणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे. फ्रोबेल नावाच्या माणसानं १८३७ मध्ये बाड ब्लांकनबुर्गला लेकरांसाठी खेळातून शिकायची जागा काढली अन् १८४० मध्ये तिला किंडरगार्टन नाव दिलं, तेव्हापासून इथं खेळ म्हणजेच शिक्षण. अन् हे आपल्याला परकं नाही, ताराबाई मोडक अन् अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी लेकरांसाठी हेच केलं, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणशाळा काढली. आपल्या २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणातही लहान वयात खेळातूनच शिकवा असं लिहिलंय. तेव्हा मापाचे रबरी बूट अन् चिखलातली पँट घेऊन द्या, चांगले कपडे किटात घालू नका अन् लेकरू माखून आलं की रागावू नका.

घरी मराठी बोला, आपली मराठी, जशी गावाकडं बोलतो तशी. नवे आलेले लोक हौसेनं लेकराशी मोडकं जर्मन नाहीतर इंग्रजी बोलायलेत, स्वतःचंच जर्मन ए-दोनचं, म्हणजे नवशिक्याचं, अन् लेकराला व्याकरण शिकवायलेत. जर्मन किटातून येतंच, मराठी तुमच्याशिवाय कुठूनही येणार नाही. दोन भाषांनी लेकरू उशिरा बोलतं हे खरं नाही, बोलण्यातला खरा अडथळा भाषा दोन असण्यानं येत नसतो. दोन वर्षांच्या आसपास डॉक्टरकडं यू-सात नावाची तपासणी असते, तिथं लेकरू किती शब्द बोलतं ते विचारतात, साधारण पन्नास शब्द यायला पाहिजेत, अन् त्यात मराठी शब्दही धरायचे. माम, भू, बाबा, आजी सगळं मोजा. कमी असतील तर आमच्याकडं चुलताही उशिराच बोलला होता म्हणून सोडून देऊ नका, कान तपासून घ्या, स्पीच थेरपी डॉक्टरनं लिहून दिली की विम्यात बसते.

अन् आता मोबाईल. ह्याच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझ्या बघण्यातल्या नव्या घरांत सगळ्यात मोठं नुकसान ह्याच एका गोष्टीनं झालंय. लेकरू जेवत नाही म्हणून मोबाईल, रडतं म्हणून मोबाईल, आपली मीटिंग आहे म्हणून मोबाईल, अन् सगळ्यात वाईट म्हणजे खालची बाई दार वाजवेल या भीतीनं मोबाईल. ही भीती काढून टाका. लेकरांचा आवाज इथं गोंगाट धरत नाहीत, किटा अन् खेळाच्या मैदानांसाठी तर २०११ मध्ये कायद्यातच तसं लिहिलंय, बिल्डिंगमध्येही लहान लेकरू रडलं-पळालं तर शेजाऱ्यांनी समजून घ्यायचं असतं. एखादा शेजारी कुरकुर करेल, करू द्या, त्याच्यासाठी आपल्या लेकराला स्क्रीनपुढं बसवू नका.

इथल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे की तीन वर्षांपर्यंत स्क्रीन अजिबात नको, तीन ते सहा जास्तीत जास्त अर्धा तास, तोही सोबत बसून. आपले भारतातले बालरोगतज्ज्ञही जवळपास हेच सांगतात, दोन वर्षांपर्यंत शून्य, पुढं पाच वर्षांपर्यंत तासाच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये असंच सांगितलंय. सासूबाई म्हणाल्या की ही तुमची परदेशी थेरं, तर त्यांना हे सांगा. लेकरू बोट दाखवतं, आपण त्याचं नाव सांगतो, लेकरू आवाज काढतं, आपण उत्तर देतो, ह्यातूनच बोलणं येतं. व्हिडिओ लेकराच्या बोटाकडं बघत नाही. इंग्रजी रंग अन् आकडे पाठ झाले म्हणून खूश होणारे आई-बाप मी बघते, त्याच लेकराला पाणी पाहिजे तर मागता येत नाही, हात धरून नळाकडं ओढतं. माझा जीव तुटतो ते बघून.

बंद करायचा तर एकदमच करा. आठवडाभर आरडाओरडा होईल, जेवणही कमी होईल, उपाशी राहील म्हणून घाबरू नका, भूक लागली की खातं. ताटात मऊ वरण-भात नाहीतर दुधात कुस्करलेली भाकर द्या अन् सोबत बसून तुम्हीही जेवा, तुमचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. मागं चालू राहणारा टीव्हीही बंद, त्यानं आपलंच बोलणं कमी होतं. स्वयंपाकाच्या वेळी पिठाचा गोळा द्या, डबे द्या. अन् रोज बाहेर न्या, पाऊस असो, डिसेंबरात चारला अंधार पडलेला असो. प्रत्येक मोहल्ल्यात खेळायचं मैदान आहे, लहान लेकरांच्या आई-बापांचे गट भरतात, लायब्ररी बहुतेक ठिकाणी लेकरांना फुकट आहे. मराठी पुस्तकं प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवरवर मोफत मिळतात, प्रिंट काढून हातात द्या.

गावाकडचा व्हिडिओ कॉल मात्र ह्यात धरू नका, तो खरा माणूस असतो, तो उत्तर देतो. फक्त वेळ सांभाळा, उन्हाळ्यात साडेतीन तास अन् हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक आहे, किटातून आल्यावर फोन लावला तर तिकडं आजी-आबांची झोपायची वेळ झालेली असते. शनिवार-रविवारी सकाळी लावा. नुसतं ओळख बरं मी कोण असं नको, आबांना सांगा गोठ्यात जाऊन म्हैस दाखवा, आजीला सांगा भाकरी थापताना फोन टेकवून ठेव. वेळ अमावस्येला शेतातून कॉल करायला सांगा.

आजी-आजोबा इथं आले तर नव्वद दिवसच राहता येतं. त्यांना हिवाळ्यात आणू नका. घरात कोंडून घेतात, मग दिवसभर मराठी सिरियल अन् लेकरू त्यांच्या मांडीवर स्क्रीनपुढं. मे ते जुलै आणा, मैदानावर बाकड्यावर बसतील, तीन महिन्यांत लेकराची मराठी कुठल्या कुठं पुढं जाते.

येताना लसीकरणाचं कार्ड हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. मार्च २०२० पासून गोवराच्या लसीचा पुरावा दाखवल्याशिवाय किटा घेत नाही, वर्षाच्या लेकराला एक डोस, दोन वर्षांच्या पुढं दोन. कार्डावरच्या तारखा नीट दिसत नसतील तर गावाकडच्या दवाखान्यातून निघायच्या आधीच इंग्रजीत लिहून, शिक्का मारून घ्या.