कासवाला पालक नको, शेवगा द्या

कासव पाळलंय म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "मग काय, पालक घालायचा की झालं." नाही झालं. आपल्याला जे पौष्टिक ते त्यालाही पौष्टिक, हा हिशोब पालेभाजीच्या बाबतीत पुष्कळदा उलटा पडतो.

आमचा बंड्या लेकाने कॉलेजात असताना आणला. लेक नोकरीला बंगळुरूला गेला, बंड्या डोंबिवलीत माझ्या गॅलरीत राहिला. (पुढच्या पायांची नखं आखूड आणि अंगाने दांडगा, म्हणजे बंड्या मादी आहे. पण आता नाव कोण बदलणार!) डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हे रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतलं. खाली लिहिलंय ते या पाण्यातल्या कासवाबद्दल. तुमच्याकडे पाठीवर पिवळ्या चांदण्यांचं तारा कासव किंवा आपल्या तळ्यांत सापडणारं देशी कासव असेल, तर ते घरी ठेवणंच बेकायदा आहे. वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा आणि त्यांच्या ताब्यात द्या.

स्लायडरचं पिल्लू बहुतेक मांसाहारी असतं. अळ्या, किडे, गोळ्यांचं खाद्य हे त्याचं जेवण, पाला नुसता तोंडी लावायला. जसजसं मोठं होतं तसतसं ते पाल्याकडे वळतं. पाठ चार इंचांच्या पुढे गेली की निम्म्याहून जास्त जेवण हिरवं हवं. आपल्याकडे घोटाळा होतो तो इथेच. दुकानदार वाळवलेल्या कोळंबीची बरणी देतो आणि कासव वर्षानुवर्षं त्यावरच राहतं. नुसत्या कोळंबीवर 'अ' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही कमी पडतं. मग डोळे सुजतात, कवच मऊ होतं. आणि कोकणातून आलेला खारवलेला जवळा तर कधीच टाकू नका.

पाला निवडताना मी दोन गोष्टी बघते. पहिली, त्यात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम बरंच जास्त हवं, दुप्पट असेल तर उत्तम. दुसरी, ऑक्झॅलिक आम्ल कमी हवं, कारण ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. अंडी घालणाऱ्या मादीला तर कॅल्शियम आणखीच लागतं.

आता मंडईतली टोपली या चाळणीतून काढा. पालकात 100 ग्रॅमला कॅल्शियम 100 मिलिग्रॅमच्या आतच, आणि तेही ऑक्झॅलिक आम्लाने अडवलेलं. चुका, चाकवत, माठ, राजगिरा, घोळ, बिटाचा पाला यांतही हे आम्ल जास्तच. एखादं पान पोटात गेलं म्हणून घाबरायचं कारण नाही, पण रोजचं जेवण म्हणून हे नकोत. कोबी, फ्लॉवरचा पाला, मुळ्याचा पाला यांनी थायरॉइडला त्रास होऊ शकतो, म्हणून क्वचितच. सॅलडचा फिकट गोल लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी. अळू मात्र पूर्ण बंद. आपण चिंच घालून शिजवतो तरी कधी घसा खाजतो, कासव तर कच्चं खाणार. गॅलरीतला मनी प्लांट आणि डायफनबेकिया अळूच्याच कुळातले. कासव बाहेर फिरायला सोडत असाल तर त्या कुंड्या उंचावर ठेवा.

मग द्यायचं काय? पहिला मान शेवग्याच्या पाल्याला. 100 ग्रॅमला 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, आणि आपल्याकडे निम्म्या सोसायट्यांत ते झाड उभं असतं. शेंगा लोक भांडून नेतात, पाल्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पानं सुटी करून टाकू नका, ती बारीक पानं तरंगत जाऊन फिल्टरमध्ये अडकतात. कोवळा डहाळा काडीसकट दगडाखाली दाबा. कासवाला फाडून खायला आवडतं, चावता येईल असं काही समोर असलं की ते बराच वेळ रमतं.

शेवग्याखालोखाल तुतीची पानं आणि जास्वंद, पानं आणि फुलं दोन्ही. बाजारात मिळणाऱ्यांत मेथी चांगली. कोथिंबीर अधूनमधून, चवीपुरती. लाल भोपळा आणि गाजर किसून आठवड्यातून एकदा-दोनदा, 'अ' जीवनसत्त्वासाठी. फळं जवळजवळ नाहीतच. पोळी, भात, ब्रेड, दूध यांचं तर नावही नको. आजी-आजोबांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडतो आणि माळी न सांगता औषध मारून जातो, तेव्हा सोसायटीच्या झाडाचं काही तोडण्याआधी माळ्याला विचारा. फूलबाजारातले गुलाब, झेंडू हारासाठी पिकवलेले असतात, ते नकोत. द्राक्षाचं पान खरं तर चांगलं, पण फवारलेल्या बागेतलं मी घेणार नाही. विकतची मेथी थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेवायची, मग वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुवायची.

पाण्यातल्या वनस्पतींत माझी लाडकी म्हणजे अझोला. गावाकडे गाईम्हशींच्या खाद्यासाठी वाढवतात तीच. पण शेतातल्या खड्ड्यात शेण आणि सुपर फॉस्फेट घातलेलं असतं, म्हणून तिथून आणलेली मूठभर अझोला धुऊन घरच्या टबात चार बोटं पाण्यात सोडा, तळाला थोडी माती घाला, टब अर्ध्या सावलीत ठेवा. नवी वाढ झाली की तीच काढून द्यायची. एप्रिल-मेच्या थेट उन्हात ती लाल पडून मरते. डकवीडही असंच वाढतं. नदी-खाडीतली जलपर्णी मात्र आणू नका, सांडपाण्यातले जड धातू ती स्वतःत साठवते.

हे कासव पाण्यातच गिळू शकतं, त्यामुळे पाला पाण्यातच द्यायचा. मोठ्याला अख्खं पान, छोट्याला बारीक चिरून. सकाळी आधी हिरवं द्या, तेव्हा भूक असते. गोळ्या दिवस चढल्यावर, मोठ्या कासवाला एक दिवसाआड, त्याच्या डोक्याच्या आकाराएवढ्याच. पाल्याला मोजमाप नाही. उरलेला दोन-तीन तासांत काढून टाका, नाहीतर पाणी कुजतं.

बरणीला चटावलेलं कासव पाल्याकडे तोंड फिरवणारच. लाडावलेल्या नातवासारखं ते तुमच्याकडे बघत बसेल, बघू द्या. धडधाकट मोठं कासव दोन-चार दिवस कमी जेवलं तरी त्याला काही होत नाही. पिल्लाला मात्र असं उपाशी ठेवू नये. गोळ्या कमी करा, गोळ्या भिजवलेल्या पाण्यात मेथी बुडवून द्या. लाल रंग त्यांना खुणावतो, म्हणून जास्वंदीच्या पाकळीपासून सुरुवात केली तर काम सोपं होतं. पाणी गार असेल तरी भूक मरते. थंडीत आधी थर्मामीटर बघा, 24 ते 27 अंश हवं.

कॅल्शियमला जोड म्हणून समुद्रफेस, म्हणजे कटलफिश या समुद्री प्राण्याचं पांढरं हाड. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. मागचा कडक पापुद्रा सोलून तुकडा पाण्यात तरंगत सोडायचा, कासव मनाला येईल तेव्हा कुरतडतं. पण ऊन नसेल तर शेवगाही वाया आणि समुद्रफेसही, कारण 'ड' जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम शोषलंच जात नाही. ऊन थेट हवं. अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी किरण काचेतून आलेल्या उन्हात नसतात. गॅलरीत ऊन नसेल तर यूव्हीबी दिवा लावा. उन्हात ठेवाल तेव्हा टबाचा अर्धा भाग सावलीत असू द्या, उथळ पाणी भराभर तापतं.

कासवाची सुरी, पाट, चाळणी वेगळी ठेवा आणि टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात. अमेरिकेत 1975 पासून चार इंचांपेक्षा छोटी कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, ती या जंतूंमुळे मुलांना होणाऱ्या आजारामुळे. हात साबणाने धुवायचे.

आणि कंटाळा आला म्हणून तळ्यात किंवा देवळाच्या कुंडात सोडायचं नाही. ते तिथे जगतं, वाढतं आणि देशी कासवांच्या तोंडचं खाणं पळवतं. वीस-तीस वर्षांचा हा पाहुणा आहे. सांभाळणं जमणार नसेल तर नीट सांभाळणारं घर शोधून द्या, आणि त्यांच्या हाती कोळंबीच्या बरणीऐवजी शेवग्याची एक फांदी द्या. पावसाळ्यात कुंडीत खोचली की रुजते.